वजा चार कोण वाचतो

माझ्या हातचं, अजून चालू असलेलं, असं या जगात एकच यंत्र उरलं होतं आणि ते झाशीतल्या एका कारखान्याच्या चाचणी-शेडमध्ये होतं. बाकीची सगळी गेली. पुण्यात नोकरी करताना ज्या टीव्हीच्या डब्यांसाठी कोड लिहिला, ते डबे लोकांनी माळ्यावर टाकले. ज्या फोनसाठी लिहिलं, त्याची कंपनी बुडाली. तिकिटं छापणाऱ्या एका यंत्रासाठी दोन उन्हाळे खपलो. ते प्रदर्शनात एकदा चाललं, टाळ्या पडल्या, आणि संपलं. सुतारानं केलेली खुर्ची मोडकी होऊन का होईना, अंगणात पडून राहते. आमच्या धंद्यात वीज बंद झाली की आपण जन्मलोच नव्हतो.

त्यामुळे शेडमधलं ते यंत्र तिथे राहणार की जाणार, हा माझ्यापुरता फार मोठा प्रश्न होता. बाकीच्यांना तो एका लोखंडी डब्याचा प्रश्न वाटायचा. ते राहिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कसं गेलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे, कारण त्याला घालवण्यात माझ्याइतके कष्ट दुसऱ्या कोणी घेतले नाहीत.

मी झाशीजवळच्या बबीन्याचा. वडील लष्करात, छावणीत वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींत मी कच्चा. बायको झाशीतल्या जुन्या मराठी घरातली. तिच्या माहेरी स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणतात आणि मिक्सर बिघडला की ‘मुदपाकखान्यातला मिक्सर’ बिघडतो. केंद्र सरकारच्या कार्यालयातली तिची बदली झाशीला झाली तेव्हा तिला माहेर मिळालं आणि मला भाईसाहब मिळाले. भाईसाहब म्हणजे माझे मालक. बड्या बाजारातल्या एका बोळात, पितळी भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. खाली दिवसभर गिऱ्हाईक भांडी ठोकून बघतं, वर मी कोड लिहितो. माझ्या कामातल्या बऱ्याच चुकांचा दोष मी त्या आवाजाला दिलेला आहे.

यंत्राचं काम साधं होतं. कारखान्यात घराएवढे ट्रान्सफॉर्मर बनतात. तयार झाले की ते तासन्‌तास तापवत ठेवतात आणि कुठला भाग किती तापला ते टिपतात. मध्ये टिपणं तुटलं तर सगळा ट्रान्सफॉर्मर थंड होऊ द्यायचा आणि पहिल्यापासून तापवायला घ्यायचं. टिपण्याचं काम आमच्या डब्याचं. आत साधा संगणक, त्यात आकडे घेणारं एक कार्ड, आणि कार्ड व मेमरी यांची गाठ घालून देणारा मी लिहिलेला एक तुकडा. तो तुकडा कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, बसतो. तिथे चूक झाली तर एखादा प्रोग्राम पडत नाही, सगळं घर बसतं.

हे काम भाईसाहबांना मिळालं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. गणपतीत मिळालं. आमचं मराठी मंडळ लहान. छावणीतली कुटुंबं, कारखान्यातले बदलून आलेले लोक आणि माझ्या सासरसारखी जुनी चार घरं. आरती वाचून म्हणणारी मुलं जास्त, पाठ असलेली कमी. त्या वर्षी कारखान्याच्या चाचणी विभागातली एक इंजिनिअर नवीन आली होती, सांगलीकडची. महाप्रसादाला गर्दी फार, म्हणून मी माझ्या रुमालापासून बायकोच्या ओढणीपर्यंत जे हाताला लागेल ते पाटांवर टाकून जागा धरून ठेवल्या होत्या. तिला बसायला जागा मिळेना तेव्हा मी मोठ्या मनानं एक रुमाल उचलला. जेवता जेवता ती म्हणाली की त्यांच्या शेडमधलं जुनं टिपणयंत्र मेलंय. मी म्हटलं, आम्ही करतो. तिनं मला दोन प्रश्नही विचारले नाहीत. परगावी आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की त्याला आपलं कामही येत असणार, असं आपण धरून चालतो. ती तर झाशीत नवीन होती. वरच्या साहेबांसमोर ती माझ्यासाठी भांडली. ते बाहेरून तयार यंत्र मागवणार होते.

तर त्या रुमालांचं. संगणकाची मेमरी पानांत मोजतात. कार्ड आकडे थेट मेमरीत ओततं, म्हणून ओतणं चालू असताना ती पानं जागची हलू नयेत यासाठी ती आधी धरून ठेवावी लागतात, एकामागून एक, पंगतीत रुमाल टाकल्यासारखी. आता समजा निम्मे पाट धरून झाले आणि कोणी हाक मारली, ‘राहू द्या, जेवण रद्द.’ शहाणा माणूस काय करील? टाकलेले रुमाल उचलील, आणि ‘मध्येच थांबवलं’ असं सांगून निघून जाईल. ‘मध्येच थांबवलं’ याला कर्नलमध्ये वजा चार असा आकडा आहे. ‘मेमरीच शिल्लक नाही’ याला वजा बारा.

मी काय केलं? काहीही बिनसलं तरी वजा बारा. हाक आली, वजा बारा. पान मिळालं नाही, वजा बारा. विचार असा की एवढ्या आत कोण बघायला येतंय. आणि टाकलेले रुमाल तसेच ठेवून उठलो.

कारखान्यात लोक चालू करायचं बटण दाबायचे, मग कोणाच्या तरी लक्षात यायचं की एक वायर लावायची राहिली, की लगेच ‘थांबवा’ दाबायचे. पडद्यावर यायचं: मेमरी अपुरी. त्या इंजिनिअर बाईंनी मला फोन केला. मी ऐटीत सांगितलं की मेमरी वाढवा. भाईसाहबांनी आणली, मी बसवली, आणि यंत्र सुधारलं. महिनाभर एक तक्रार नाही. माझी छाती फुगली. मग पुन्हा तेच. पुन्हा मेमरी, पुन्हा महिनाभर शांतता.

झालेलं असं की मध्येच ‘थांबवा’ दाबलं की दर वेळी काही पानं यंत्र बंद होईपर्यंत अडकून राहत होती. पाट रिकामे, पण रुमाल टाकलेले, कोणाला बसता येईना. मेमरी वाढवणं म्हणजे मंडप वाढवणं. पट्टी बसवायला यंत्र बंद केलं की जुने रुमालही उडायचे, पाट भरपूर असले की झटकन धरून व्हायचे, आणि पुन्हा अडकेपर्यंत बरं चालायचं. सुरुवातीला मी यंत्राच्या तोंडून खोटं बोलत होतो की मेमरी नाही. रेटून बोलत राहिलो आणि शेवटी ते खरं झालं. खोटं खरं करून दाखवण्याची ही माझ्या आयुष्यातली एकमेव वेळ.

शेवटी त्या डब्याच्या आत मेमरीच्या पट्ट्या बसवायला खाच उरली नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, “काका, हे यंत्र आकडे टिपतं की खातं?”

काका म्हणाल्या. त्याआधी सर म्हणायच्या.

मग मी माझं लिहिलेलं पहिल्यांदा नीट वाचलं. आपलं जुनं लिखाण वाचणं हा कोणत्याही लेखकाला त्रासच, पण कविता वाईट असली म्हणून ट्रान्सफॉर्मर थंड करावा लागत नाही. दोन्ही चुका मला दिसल्या. रुमाल उचलायला शिकवलं. वजा बारा काढून टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तर यंत्र आजही तिथे असतं, असं मी समजतो. पण मला वाटलं की ‘मध्येच थांबवलं’ असं सांगून परत येणं म्हणजे हार. लोकांना पडद्यावर तक्रार दिसायलाच नको. म्हणून मी लिहिलं: वजा चार आलं तर पुन्हा प्रयत्न कर.

माझा स्वभावच तो. बायकोला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं नाही म्हटलं होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. ती अजून सांगते, “तुम्हाला नाही म्हटलेलं ऐकूच येत नाही. मी थकले, म्हणून हो म्हटलं.” मी हे आजवर कौतुक समजून ऐकत आलो होतो.

ऑफिसात मी बदललेला तुकडा चालवून पाहिला. उत्तम. माझ्या टेबलावरच्या यंत्रात पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत धरून होतात, मध्ये हाक यायला फटच नाही. भाईसाहबांना दाखवलं. ते म्हणाले, “दादा, अबकी पक्का?” मी म्हटलं, पक्का.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम शेडमध्ये गेलो. मे महिना, बाहेर लूचा भाजणारा वारा, आत तापत असलेला ट्रान्सफॉर्मर, आणि गिऱ्हाइकाकडून आलेला एक तपासनीस, ज्याला सगळ्यात मोठा पंखा दिला होता. सकाळपासून आकडे झरझर येत होते. मी हात मागे बांधून, मुलाच्या शाळेत स्नेहसंमेलनाला आलेल्या बापासारखा उभा. दुपारी एका जागेचा आकडा वेडावाकडा यायला लागला. वायर सैल. बाई म्हणाल्या, थांबवून वायर घट्ट करू आणि लगेच चालू करू, एवढा खंड चालतो. त्याच वेळी टिपणाचा प्रोग्राम नवीन पानं धरत होता. त्यांनी बटण दाबलं.

आणि काहीच झालं नाही.

पडदा जिथल्या तिथे. बटण पुन्हा दाबलं. डब्यातला पंखा मात्र जोरात फिरायला लागला, आणि तो आवाज ऐकून काय चाललंय ते मला, एकट्याला, कळलं. थांबायचा निरोप गाभ्याच्या दारात उभा होता. माझा तुकडा काम सोडून बाहेर आल्याशिवाय तो निरोप प्रोग्रामला मिळत नाही. आणि निरोप दारात आहे तोवर धरायला घेतलेलं प्रत्येक पान वजा चार म्हणून परत येतं. आणि वजा चार आलं की मी काय लिहिलं होतं? पुन्हा प्रयत्न कर. सेकंदाला लाखो वेळा त्याला ‘थांब’ सांगितलं जात होतं आणि लाखो वेळा तो ‘बरं, परत बघतो’ म्हणत होता. मी दुसरीकडून त्याला मारायची आज्ञा दिली. तीही त्याच दारात जाऊन उभी राहिली. इतका चिवट प्रोग्राम मी आयुष्यात लिहिला नव्हता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय करायचं?”

“वायर ओढा,” मी म्हटलं. सैल झालेली नव्हे, विजेची.

शेवटचा बराच भाग डिस्कवर उतरायचा राहिला होता, तो गेला. तपासनीस फार सभ्य माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला की ठंडा कर लीजिए, फिर से शुरू करते हैं, आणि पंख्याचं तोंड आपल्याकडे थोडं आणखी वळवलं. ट्रान्सफॉर्मर थंड व्हायला लागणारा वेळ किती असतो ते त्याच्या बाजूला बसून कळतं. बाईंना वर बोलावलं. त्या परत आल्या तेव्हा माझ्याशी हिंदीत बोलल्या. सगळ्या ओळखीत पहिल्यांदा. त्यावरून मला कळलं की वर काय झालं असेल.

मी तिथून लक्ष्मी तालावर गेलो आणि ऊन कलेपर्यंत बसलो. लोक तिथे देवळात जायला येतात. मी पाण्याकडे बघत माझ्या कोडमधल्या त्या चार ओळी मनात पुन्हा पुन्हा वाचत होतो. म्हणजे तिथेही तेच करत होतो, हे लिहिताना लक्षात येतंय.

पुढचे काही दिवस मी घरीच काम केलं. एकदा गॅसवर दूध ठेवून बायको सांगून गेली की बघा. दाराची घंटा वाजली. शेजारचे भैया कसलीशी वर्गणी मागत होते. मी दूध तसंच टाकून गेलो, बोलत बसलो, आणि दूध ओट्यावरून जमिनीवर आलं. ती म्हणाली, “अहो, उठायचं होतं तर गॅस बंद करून उठायचं. एवढंच असतं ते.” इथे मला साक्षात्कार झाला असं लिहायला आवडलं असतं. झाला नाही, ते मला आठवड्यापूर्वीच कळलेलं होतं. मी दूध पुसलं.

तिसऱ्यांदा लिहिलं ते मात्र बरोबर लिहिलं. हे मी अभिमानानं सांगत नाही. अभिमान वाटण्याची वेळ गेली होती. बाईंनी भाईसाहबांमार्फत एकच अट कळवली होती: थांबवा म्हटलं की थांबलं पाहिजे, विनंती वगैरे नको, सरळ मारा. तसं केलं. बटण दाबलं की प्रोग्रामला थेट मरणाची आज्ञा. मध्येच हाक आली तर धरलेलं प्रत्येक पान सोडायचं, उलट्या क्रमानं, एकही न विसरता, आणि मग वजा चार सांगून बाहेर पडायचं. यावेळी टेबलावरच्या यंत्रावर मुद्दाम इतका भार टाकला की पानं धरायला वेळ लागावा, आणि मध्येच मारून पाहिलं. मेलं. सगळी पानं परत आली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

त्यातच एक गोष्ट ध्यानात आली. ज्याला मरणाची आज्ञा झालीय त्याला आपण वजा चार सांगतो खरं, पण तो गाभ्यातून बाहेर पडायच्या आधीच मरतो. ते उत्तर ऐकायला तो उरतच नाही. वजा चार सांगा, वजा बारा सांगा, काहीही सांगा. ज्या आकड्यावरून मी स्वतःला इतके दिवस कोसत होतो, तो आता कोणीच वाचणार नव्हतं. तरी तिथे वजा चारच राहू दिलं.

भाईसाहबांना सांगितलं की झालं, आता खरंच झालं. त्यांनी चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की मला भीती वाटते. ते म्हणाले की कारखान्यानं तयार यंत्र मागवलंय, पेटी आलीसुद्धा, आपलं काढून आणायचंय. आणि यापुढे आपण बनवणार नाही, बाहेरचीच विकू आणि त्यांची देखभाल करू. “देखभाल आप कर लेना, दादा,” ते म्हणाले. आवाजात जराही विष नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

यंत्र काढायला मीच गेलो. शेजारच्या टेबलावर नवीन यंत्र बसलेलं, अजून प्लॅस्टिक न काढलेलं. बाईंना मी म्हटलं, काढायच्या आधी एकदा नवा तुकडा टाकून बघू का? त्यांनी घड्याळ पाहिलं, पण बघा म्हणाल्या, मराठीत.

चालू केलं. कार्डाला काहीच जोडलेलं नव्हतं, ते शून्यं टिपत होतं. पानं धरायला सुरुवात झाली तेव्हा मी म्हटलं, आता. त्यांनी बटण दाबलं. प्रोग्राम गेला. पडदा रिकामा झाला. मी मोकळ्या मेमरीचा आकडा काढून दाखवला. सुरू करण्याआधी होता तितकाच.

“काहीच दिसलं नाही,” त्या म्हणाल्या.

“तसंच असतं बरोबर झालं की.”

“आणि तो कोड? मध्येच थांबवलं म्हणून सांगतो म्हणालात, तो कुठे दिसतो?”

मी त्यांना सांगितलं की तो कुठेच दिसत नाही, ज्याला सांगायचा तो तोवर मेलेला असतो.

“मग लिहिलात कोणासाठी?”

मी वायरी गुंडाळायला लागलो. त्यांनी एका बाजूनं डबा उचलायला मदत केली, आणि तो जड आहे असं म्हणाल्या.

डब्याचं काय करायचं यावर भाईसाहबांनी विचार केला नाही. एरच गावात त्यांच्या भावाचं खताचं दुकान आहे, तिथे बिलं करायला संगणक हवाच होता. माझ्यासमोर त्यांनी डिस्क पुसायला लावली, कार्ड उपटून कपाटात टाकलं आणि आत डोकावून खूश झाले. “मेमरी तो इसमें बहुत है.” होतीच. इतक्या वेळा घातलेली.

आता मी देखभाल करतो. म्हणजे नवीन यंत्राच्या पंख्यातली धूळ महिन्यातून एकदा ब्रशनं काढतो. त्याच्या आत काय लिहिलंय ते मला माहीत नाही, बघायची परवानगीही नाही. ते अजून एकदाही अडकलेलं नाही. बाई दिसल्या की ‘काय काका’ म्हणतात. गणपतीत या वर्षी मी जागा धरल्या नाहीत, उभ्यानंच जेवलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती तशी नाही.

परवा एरचहून भाईसाहबांच्या भावाचा फोन आला होता. यंत्राची फार तारीफ करत होता. दिवसभर चालतं, भैया जी, एकदाही लटकत नाही, बिल असं निघतं. किसने बनाया है, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बाजारातलं आहे.